जास्तीचा पगार गेलाय, आता त्याला फोन कसा करायचा

अगं पोरी,

तुझा मेसेज काल रात्री साडेअकराला बघितला, पण तेव्हा उत्तर दिलं नाही, कारण असलं काही रात्री घाईत लिहायला बसलं की नुसता धीर दिला जातो आणि तुला आत्ता धीरापेक्षा हिशोब पाहिजे. आज सकाळी चहा झाल्यावर कागद घेऊन बसले.

म्हणजे झालं असं ना, व्हीएमसीवरचा, म्हणजे धातू कापायच्या कॉम्प्युटरवाल्या मशिनवरचा, तो ऑपरेटर 12 जूनला काम सोडून गेला, तू मे महिन्याची एक्सेल शीट कॉपी करून जूनची केलीस, त्यात त्याचं नाव तसंच राहिलं, 1 जुलैला सगळ्यांच्या पगाराची ती एकच यादी बँकेत अपलोड झाली, मालकांनी ओटीपी टाकला आणि त्याच्या खात्यात अख्ख्या महिन्याचा पगार गेला. आता मालक म्हणतायत पैसे येईपर्यंत रिलीव्हिंग लेटर, म्हणजे कामातून मोकळं केल्याचं पत्र, द्यायचं नाही, आणि तू दोन दिवस नीट जेवली नाहीस.

आधी जेव. मग हे वाच.

चूक 1 जुलैला झाली असं तुला वाटतंय, मला ती 12 जूनलाच झालेली दिसते. माणूस ज्या दिवशी जातो त्याच दिवशी त्याचा फुल अँड फायनल, म्हणजे देण्याघेण्याचा शेवटचा हिशोब, काढायला बसायचं असतं, आणि ही काही माझ्या मनातली शिस्त नाही, कायदाच तसा आहे. वेतन संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, त्यात काढून टाकलेला असो नाहीतर स्वतः राजीनामा दिलेला असो, त्याचं राहिलेलं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं आहे. आधीच्या 1936 च्या कायद्यात मालकाने काढलं तरच हे दोन दिवस होते, म्हणून आपल्याकडे राजीनामावाल्याला पुढच्या पगारासोबत बघू म्हणायची सवय लागली. त्याचे 12 दिवस तू तेव्हाच काढून दिले असतेस तर त्याच दिवशी नाव शीटमधून गेलं असतं, आणि त्यालाही त्याचे पैसे वेळेत मिळाले असते. हे मालकांना सांगताना बिचकू नको, कारण उशीर तुझ्या एकटीचा नाही, तुला ही पद्धत कुणी शिकवलीच नव्हती.

आता आकडे. तुझ्या शीटप्रमाणे त्याचा ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार, 24,000, त्यात बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून 15,000, पीएफ 1,800, प्रोफेशनल टॅक्स 200, हातात 22,000. जूनचे 30 दिवस धरून 12 दिवसांचा ग्रॉस होतो 9,600. बेसिक 6,000 म्हणजे पीएफ 720. प्रोफेशनल टॅक्स आता 200 नाही, महाराष्ट्रात पुरुषाला साडेसात ते दहा हजारांमध्ये 175 आहे, म्हणून 175. हातात जायला पाहिजे होते 8,705, गेले 22,000. जास्तीचे 13,295.

आणि इथेच तू अडकली आहेस, कारण मालकांना तू 14,400 सांगितलेस. तो ग्रॉसमधला फरक आहे गं. वरचे 1,105 त्या मुलाच्या हातात कधी आलेच नाहीत, त्यातले 1,080 पीएफचे आणि 25 प्रोफेशनल टॅक्सचे, ते तुझ्या भरण्याच्या चलनांत (पीएफ आणि टॅक्स भरायच्या पावत्यांत) बसलेत आणि तुलाच तिथे दुरुस्त करायचेत. पीएफचा ईसीआर, म्हणजे दर महिन्याला ऑनलाईन भरायचा तक्ता, 15 तारखेपर्यंत जातो, अजून भरला नसशील तर आजच त्याची ओळ 12 दिवसांची करून घे. जे माणसाला मिळालंच नाही ते त्याच्याकडे मागायचं नाही, आणि मागितलंस तर पुढचं तुझं खरं बोलणंसुद्धा तो खोटं धरेल.

त्याच्या 9 पगारी रजा शिल्लक आहेत म्हणालीस. तुमच्याकडे दिवसाला 800 धरतात म्हणजे 7,200 आपल्याला त्याला द्यायचेत. मालक म्हणणार, ते सगळे वळते करून घे. जास्त दिलेला पगार वळता करायला कायद्यात परवानगी आहे हे खरं, पण एका वेतन कालावधीत सगळी कपात मिळून वेतनाच्या 50 टक्क्यांच्या वर न्यायची नसते. रजेचे पैसे त्या वेतनात धरायचे की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा मी तोच अर्ध्याचा नियम इथेही लावते, 3,600 त्याच्या लेखी संमतीने वळते कर आणि 3,600 त्याच्या खात्यात पाठव. राहिले 9,695. त्याला जमणार असेल तर एकदम, नाहीतर 3,200, 3,200 आणि 3,295 असे तीन हप्ते, तेही त्याच्या नवीन पगाराच्या तारखेनंतर.

ग्रॅच्युइटीला, म्हणजे इतक्या वर्षांच्या नोकरीबद्दल शेवटी मिळणाऱ्या रकमेला, मात्र हात लावायचा नाही. त्याची पाच वर्षं झालीत की नाही ते तू लिहिलं नाहीस, झाली असतील तर ती 30 दिवसांत द्यायची आणि पूर्ण द्यायची. आपल्या हिशोबाच्या चुकीसाठी कुणाची ग्रॅच्युइटी अडवता येत नाही. तसंच पीएफच्या पोर्टलवर त्याची एक्झिट डेट, म्हणजे काम सोडल्याची तारीख, 12 जून टाकून दे, ती अडवून ठेवलीस तर त्याचा पीएफ ट्रान्सफर लटकतो, आणि 30 जून टाकलीस तर नवीन कंपनीच्या तारखेवर तारीख चढते आणि ते उगाच त्याला निस्तरत बसावं लागतं.

आता रिलीव्हिंग लेटर. हे जरा सविस्तर लिहिते, कारण माझ्या मनात ते 20 वर्षं आहे. मी नोकरीला लागले तेव्हा शिरोलीत एका छोट्या युनिटमध्ये होते, नाव लिहित नाही. तिथे असंच एका फिटरला ओव्हरटाईम दोनदा गेला, साधारण चार हजार, आणि तो सोडून गेल्यावर ते लक्षात आलं. पैसे आणेपर्यंत लेटर नाही हे पत्र मी टाईप केलं, खाली सही मालकांची पण शब्द माझे. त्याच्या बायकोचं बाळंतपण जवळ आलेलं, पैसे तिकडेच गेले होते, आणि नवीन ठिकाणी लेटर नाही म्हणून त्याला घेतलं नाही. तो गेटवर येऊन उभा राहायचा, रागवायचा नाही, नुसता विचारायचा ताई काही झालं का. चार हजार कधीच आले नाहीत, येणार कुठून, कमवायचा रस्ता आम्हीच बंद केला होता. त्यानंतर मी कितीतरी ठिकाणी काम केलं पण तसलं पत्र परत टाईप केलं नाही. तू पण करू नको. मालकांना सरळ सांग, लेटर दिलं तर तो कामाला लागेल आणि कामाला लागला तर हप्ते येतील.

बँकेला फोन करून ट्रान्सफर उलटा करून घ्यायचा नाद सोड, खातं बरोबर होतं, नाव बरोबर होतं, त्याच्या संमतीशिवाय बँक पैसे काढून देणार नाही.

त्याला आधी फोन कर, व्हॉट्सअ‍ॅप नंतर. फोनवर पहिलं वाक्य आपल्या चुकीचं असू दे. असं काहीतरी: दादा, मी ऑफिसमधून बोलतेय, जूनच्या पगारात आमच्याकडून चूक झाली, तुमच्या 12 दिवसांऐवजी पूर्ण महिन्याचा पगार गेलाय, मी हिशोब पाठवते, तुम्ही बघा आणि चुकलं असेल तर सांगा, एकदम द्यायचं नसेल तर हप्ते करू, तुमचं लेटर तयार आहे, त्याचा याच्याशी संबंध नाही. एवढंच. त्याने आवाज चढवला तर चढवू दे, पैसे आल्यावर त्याला वाटलं असेल की रजेचे आणि बोनसचे धरून दिलेत, घरभाडं भरून मोकळा झाला असेल. मग हिशोबाचा कागद पाठव, त्यात दिलेले, द्यायला पाहिजे होते ते, रजेचे, वळते केलेले आणि बाकी, सगळ्या ओळी असू देत. त्याचं 'मान्य आहे' हे उत्तर आणि हप्त्यांच्या तारखा जपून ठेव, प्रत्येक हप्त्याची पावती दे. टॅलीमध्ये, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्याच्या नावाचं येणं म्हणून वेगळं खातं (लेजर) उघड, पगार खर्चात घुसडून ठेवू नको.

नोटीस पिरियडचं मालकांनी काढलं असेल तर ते या हिशोबात मिसळू नको, तो वेगळा विषय आहे आणि दोन्ही एकत्र केले की माणूस दोन्ही नाकारतो.

कदाचित तो तुला सुप्रीम कोर्टाचा एक निकाल फॉरवर्ड करेल, जास्तीचा पगार परत मागता येत नाही म्हणून. तो 2014 चा, पंजाब सरकार विरुद्ध रफिक मसीह या खटल्यातला निकाल, त्यात खालच्या श्रेणीतल्या सरकारी कर्मचाऱ्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून, पाच वर्षांहून जास्त काळ जात राहिलेल्या जास्तीच्या रकमांची वगैरे वसुली करू नये असं म्हटलंय. खाजगी कारखान्यातल्या तीन आठवड्यांपूर्वी सोडून गेलेल्या माणसाला तो तसाच्या तसा लागू होत नाही, आणि चुकून मिळालेले पैसे परत करायचे असतात हे 1872 च्या करार कायद्याच्या कलम 72 मध्येच आहे, दावा करायला तीन वर्षं असतात. पण हे त्याला फोनवर ऐकवू नको. साडेनऊ हजारांसाठी कोर्टात जायचं नाहीये, वकिलाचीच फी त्याहून जास्त होईल, आणि पोलिसांत द्यायची भाषा तर मालकांनी केली तरी तू थांबव, त्याने चोरी केलेली नाही, आपण पाठवले.

अजून एक, जे तू शेवटच्या ओळीत हळूच लिहिलंस. मालक म्हणाले, नाही आले तर तुझ्या पगारातून कापू. निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीची कपात कायद्यात आहे, पण त्याआधी तुला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि ओटीपी टाकणारा हात तुझा नव्हता हेसुद्धा त्या म्हणण्यात येतं. कुठल्याही कोऱ्या किंवा घाईत पुढे केलेल्या कागदावर सही करू नको, मला आधी फोटो पाठव.

पुढच्या महिन्यापासून शीट कॉपी करणं बंद. हजेरीच्या रजिस्टरवरून नावं घ्यायची, आणि अपलोडच्या आधी मागच्या महिन्याची माणसं किती, या महिन्याची किती, गेले कोण, आले कोण, एवढी चार ओळींची चिठ्ठी मालकांसमोर ठेवून त्यावर त्यांची सही घ्यायची, मगच ओटीपी.

फोन आज करू नको, नवीन ठिकाणी त्याची कुठली शिफ्ट आहे ते त्याच्या सोबतच्या पोरांना विचार आणि उद्या त्याच्या जेवणाच्या सुट्टीत कर. त्याआधी हिशोबाचा कागद मला पाठव, 13,295 चा, 14,400 चा नाही. मी दहा वाजेपर्यंत घरीच आहे.

तुझी,
ताई