लेकीला बाळांची डॉक्टर व्हायचंय आणि प्रश्न मात्र वकिलासारखे विचारते

ताई, नमस्कार. तुमचं गुहागरहून आलेलं पत्र मी दोनदा वाचलं, कारण पहिल्यांदा वाचताना वाटलं नेहमीचाच प्रश्न आहे, नीटचे मार्क नि सीट वगैरे. पण नाही. लेक बारावी सायन्सला, गेल्या पावसाळ्यात तिच्या मामीचं बाळ दिवस भरायच्या आधीच झालं, वजन १३५० ग्रॅम, रत्नागिरीला एसएनसीयूत (आजारी नवजात बाळांच्या खास कक्षात) २२ दिवस काचेच्या पेटीत होतं, आणि त्यात एका रात्री डॉक्टरांनी मामाला विचारलं की कोल्हापूरला हलवायचं का, वाटेत घाट आहे, रिस्क आहे, इथे ठेवलं तरी रिस्क आहे, तुम्ही सांगा. मामा बोटीवर खलाशी, तो म्हणाला साहेब मी काय सांगू. बाळ आता छान आहे (बरं वाटलं वाचून), पण तुमची लेक तेव्हापासून एकच धरून बसलीय की हे मामाने का ठरवायचं, डॉक्टरांनी का नाही, आणि बाळाच्या वतीने बोलतं कोण. आणि तुमचे मिस्टर म्हणतात मग वकीलच हो.

मिस्टरांना सांगा, हा प्रश्न वकिलीपेक्षा डॉक्टरकीतच जास्त कामाला येतो.

आधी बाळांची डॉक्टर व्हायचा रस्ता सांगून टाकते. एमबीबीएस साडेचार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप, मग नीट पीजी देऊन एमडी पेडियाट्रिक्स (बालरोग) तीन वर्षं, त्यानंतर नीट एसएस देऊन डीएम निओनॅटॉलॉजी, म्हणजे फक्त नवजात बाळांची शाखा, अजून तीन. बेरीज साडेअकरा, आणि सरकारी कॉलेजचा बाँड (ठरलेला काळ सरकारी नोकरी) नि मधे तयारीत जाणारी एखाद-दोन वर्षं धरली तर तिशी ओलांडलीच समजा. घाबरू नका. डीएम नाही मिळालं तरी एमडीनंतर नॅशनल निओनॅटॉलॉजी फोरमची फेलोशिप असते, आणि तसंही जिल्ह्याच्या ठिकाणचे एसएनसीयू बहुतेक साधे बालरोगतज्ज्ञच सांभाळतात. कॉलेजसाठी आता मुंबईच हवी असंही राहिलं नाही, रत्नागिरी, ओरोस, अलिबाग इथे सरकारी झालीत, डेरवणला प्रायव्हेट आहे.

आता दुसरा प्रश्न, 'मेडिकल एथिक्सचा वेगळा कोर्स असतो का आणि त्यात पोट भरतं का'. एथिक्स म्हणजे डॉक्टरने काय करणं योग्य, कुणी ठरवायचं, हेच सगळं. कोर्स असतात, कोकण रेल्वेने मंगळुरूला गेलात तर येनेपोया युनिव्हर्सिटीत त्याचा पीजी डिप्लोमा आहे, आणि २०१९ पासून एमबीबीएसलाच एटकॉम (वागणूक, एथिक्स नि संवाद) नावाने हा विषय घातलाय. पण नुसत्या एथिक्सवर पोट भरणारी माणसं आपल्याकडे मी फार पाहिली नाहीत. आधी बाळाला हात लावता आला पाहिजे, मग बाकीचं. माझं मत विचाराल तर ते दोन वेगळे विषय नाहीतच, आणि हे लेकीला पटवायला एक गोष्ट सांगते.

लेक पेडियाट्रिक्सला गेली की पहिल्याच महिन्यात तिला सिल्व्हरमन स्कोअर शिकवतील, म्हणजे बाळ श्वास घेताना छाती किती आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात का, कण्हतंय का, असं बघून शून्य ते दहा आकडा द्यायचा. तो विल्यम सिल्व्हरमन न्यूयॉर्कचा. १९४०-५० च्या काळात तिकडे अपुऱ्या दिवसांची बाळं जगायला लागली आणि आंधळी व्हायला लागली, हजारोंनी, कारण कुणाला कळेना. याने आणि सोबतच्यांनी एसीटीएच नावाचं हार्मोन देऊन बघितलं, ३१ बाळांपैकी २५ ची दृष्टी नीट राहिली, म्हणजे औषध सापडलं की हो! दुसरा कुणी असता तर तिथेच हार घालून घेतले असते. याने नंतर चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एकाला औषध, एकाला नाही, आणि निघालं काय तर औषधवाल्यांचं काहीच जास्त चांगलं नाही, उलट वाईटच. बहुतेक बाळं आपली आपणच बरी होत होती. खरं कारण निघालं ऑक्सिजन, चांगलं म्हणून सढळ हाताने दिलेला. १९५३-५४ ला अनेक हॉस्पिटलांनी मिळून ते तपासलं. मग सगळ्यांनी ऑक्सिजन इतका आवळला की श्वासाचा त्रास असलेली बाळं दगावायला लागली. पुढे हाच सिल्व्हरमन म्हातारपणापर्यंत (२००४ ला गेला) विचारत राहिला की इवल्याशा बाळाला काहीही करून जगवायचंच हे ठरवलं कोणी, आईबापांना विचारलं का. तुमच्या लेकीचाच प्रश्न. आणि तो विचारायचा हक्क त्याला मिळाला कारण त्याने आधी स्वतःचं चुकलेलं मोजून दाखवलं होतं.

हे जुनं नाही बरं का. माझ्या चुलतबहिणीचा नातू, १४०० ग्रॅमचा, एका हॉस्पिटलातून (नाव नको) डिस्चार्ज झाला, बिल पाच पानी, पण महिन्याच्या आत डोळ्यांचा पडदा तपासून घ्या हे तोंडाने कुणी सांगितलं नाही. दोन किलोच्या आतल्या बाळाला ती तपासणी लागतेच. कार्डावर कोपऱ्यात इंग्रजीत तीन अक्षरं लिहिली होती, आरओपी, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आंधळं करणारा तोच पडद्याचा आजार. आमच्या आशाताईंनी (गावातली आशा कार्यकर्ती) २६ व्या दिवशी ती वाचली म्हणून बरं. याला मी एथिक्स म्हणते, दोन मिनिटं थांबून मराठीत सांगणं. मामाला विचारलं ते चूक नाहीच, पण विचारण्याआधी 'मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं' एवढं डॉक्टरांनी सांगायला हवं होतं असं मला वाटतं. सगळं स्वतः ठरवणारा डॉक्टर नको, आणि सगळं खलाशावर ढकलून मोकळा होणाराही नको.

तर आत्ता काय करायचं. क्लास चालू राहू दे, फिजिक्स कच्चं आहे म्हणालात ते आधी बघा, त्याशिवाय यातलं काहीच नाही. बारावीची आणि नीटची परीक्षा झाली की निकालापर्यंत सुट्टी असते, तेव्हा तिला गावातल्या आशाताईंबरोबर पाठवा. दवाखान्यात झालेल्या बाळाकडे त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जातात. ही घरी जाऊन बाळ बघायची पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून सिद्ध केली, तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ ला लॅन्सेट या डॉक्टरांच्या मासिकात छापून आलं. तिला म्हणावं आशाताईंच्या पिशवीतला बाळाचं वजन करायचा झोळीचा काटा कसा धरतात बघ, आणि पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून बाळाचे श्वास मोज, साठ किंवा जास्त आले तर परत मोजायचे. मोजायला बसायच्या आधी बाळाच्या आईला विचारायचं, मी बसू का. ती नको म्हणाली तर ओटीवर थांबायचं.

दोन-तीन घरं झाली की मला लिहायला सांगा, कोणत्या बाळाचे किती आले आणि रडत असताना मोजले का शांत असताना. रडत असताना मोजले असतील तर ते धरायचे नाहीत.