मुलींचे दिशाभान
प्रश्न : माझी भाची जन्मांध आहे. मुलींना दिशा कमी कळतात, असे घरचे म्हणतात. ते खरे का? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : आकृती मनात फिरवून ओळखण्याच्या चाचणीत डोळस पुरुषांची सरासरी स्त्रियांपेक्षा जास्त आढळते; परंतु सरासरीवरून एकाच मुलीविषयी निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. लहानपणापासून अंध असलेली माणसेही स्पर्शाने जाणलेली आकृती मनात फिरवतात, मात्र त्यांना वेळ अधिक लागतो, असे मार्मोर आणि झाबॅक या संशोधकांनी १९७६ मध्ये दाखवले. म्हणजे अवकाशाचे आकलन केवळ दृष्टीतून येत नाही. मला खरी काळजी वाटते ती मुलींना एकटे फिरू न देण्याची. तिला पांढऱ्या काठीचे प्रशिक्षण द्या आणि म्हापशाच्या बाजारातील वाटा तिच्या तिला चालू द्या.