जांभ्या मातीत स्फुरद (फॉस्फरस) घालूनही अहवालात ‘कमी’ का?

संगमेश्वर तालुक्यातून एका शेतकऱ्यांनी विचारलं आहे: “भाताला दरवर्षी डीएपी (नत्र आणि स्फुरदाचं खत) फोकतो, तरी माती परीक्षणात स्फुरद ‘कमी’च. कराडच्या पाहुण्यांना काळ्या जमिनीत तेवढ्याच खताचा फरक दिसतो. आणि आमच्या देवराईत कुणी चिमूटभर खत घालत नाही, तिथे रान एवढं कसं माजतं?” लांजा, राजापूरकडूनही याच धर्तीचे प्रश्न आले आहेत, म्हणून उत्तर सगळ्यांसाठी.

नत्र हवेत आहे, द्विदल पिकांच्या गाठी ते खाली आणतात. स्फुरदाची गोष्ट वेगळी. त्याचा मूळ साठा खडकात, ॲपेटाइट नावाच्या खनिजात असतो. खडक झिजेल तसा तो सुटतो. सुटलेल्यातला काही झाडं घेतात आणि तो पाल्यापाचोळ्यात, सेंद्रिय रूपात फिरत राहतो. काही पावसाबरोबर वाहून जातो. उरलेल्याला मातीतलं लोह आणि ॲल्युमिनियम धरतं, आणि वर्षं जातील तशी ही पकड घट्ट होते. न्यूझीलंडच्या वॉकर आणि सायर्स या मृदाशास्त्रज्ञांनी १९७६ साली हा क्रम मांडला: कोवळ्या मातीत खनिज स्फुरद भरपूर, मधल्या वयात सेंद्रिय जास्त, म्हाताऱ्या मातीत एकूणच साठा घटलेला आणि उरलेला बराचसा कोंडलेला.

हवाई बेटांवर हे फार स्पष्ट दिसतं. तिथे सुमारे ३०० वर्षांपासून ४१ लाख वर्षांपर्यंतच्या वयाच्या लाव्ह्यावर जंगलं उभी आहेत. कोवळ्या लाव्ह्यावरची झाडं नत्र दिल्यावर वाढली, सर्वांत जुन्या जागेवरची स्फुरद दिल्यावर. त्या जुन्या जंगलाला थोडाफार स्फुरद मिळतो तो आशियातल्या वाळवंटांतून उडत येणाऱ्या धुळीतून!

आता आपल्याकडे. कराडची काळी माती बेसॉल्टाची, आणि रत्नागिरीकडचा जांभाही बहुतांशी बेसॉल्टच झिजून झालेला. फरक पावसाने आणि काळाने केला. काळ्या जमिनीत चुनखडी टिकून आहे. तीही स्फुरद धरते, पण पिकाच्या हाती थोडाफार लागू देते. आपल्याकडे वर्षाला ३००० मि.मी.च्या वर पाऊस, त्यात चुना धुऊन गेला आणि लोह मागे राहिलं. मातीचा लाल रंग त्याचाच. शेतभर फोकलेलं डीएपी याच लोहाच्या तावडीत सापडतं.

देवराईचं कोडंही इथेच सुटतं. तिथला पाचोळा हाताने बाजूला करून पाहा. खाली कुजक्या पानांना चिकटलेल्या बारीक मुळ्या आणि बुरशीचे पांढरे धागे दिसतील. पान गळायच्या आधी झाड त्यातला बराच स्फुरद परत ओढून घेतं, उरलेला पाचोळ्यातूनच मुळ्या आणि बुरशी उचलतात, लोहापर्यंत फार थोडा पोचतो. म्हणजे साठा मातीत कमी, फिरतीवर जास्त. रान तोडून जाळलं की राखेवर नाचणी दोन वर्षं छान येते, मग उतार पडतो. वरकस जमीन जुनी माणसं काही वर्षं पडीक ठेवत, ती उगाच नव्हे.

मग करायचं काय? आधी प्रयोगशाळेत विचारा, स्फुरद कोणत्या पद्धतीने मोजला. सामू (मातीची आम्लता सांगणारा आकडा, pH) ६ च्या खाली असेल तर ब्रे पद्धत हवी. ऑलसेन पद्धत मुख्यतः उदासीन आणि विम्ल जमिनीसाठी आहे, आपल्या आम्ल मातीत तिच्या आकड्यावर फार विसंबू नका.

खताचं पोतं वाढवू नका, जागा बदला. लावणीच्या भातात युरिया-डीएपी ब्रिकेट (दाबून केलेली खताची गोळी) चार चुडांच्या मधोमध, ७ ते १० सें.मी. खोल खोचा. मुळाजवळ एके ठिकाणी पडलेलं खत मातीला कमी भिडतं. शिवाय खाचरात पाणी साचल्यावर लोहाची पकड सैल होते आणि भाताला थोडा स्फुरद आपसूक मिळतो. खाचर सुकलं की तो पुन्हा अडकतो. त्यामुळे माझ्या मते खरी गरज भातामागून येणाऱ्या वाल, कुळीथ, चवळीला असते आणि आपण नेमकं त्यांनाच उपाशी ठेवतो. या पिकांना सिंगल सुपर फॉस्फेट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून ओळीत, बियाण्याच्या थोडं खाली द्या. शेणखतातली सेंद्रिय आम्लं लोहाच्या जागा अडवून धरतात.

पीएसबी, म्हणजे स्फुरद विरघळवणाऱ्या जिवाणूंबद्दल बरेच जण विचारतात. बियाण्याला जरूर चोळा, १० किलोला २५० ग्रॅम, पण त्यावर खत बंद करू नका. जिवाणू थोडंफार सोडवतात, नसलेलं आणत नाहीत.

आंबा-काजूच्या बागेत मात्र रॉक फॉस्फेट वापरून पाहा. काळ्या चुनखडीच्या जमिनीत ते विरघळत नाही, पण आपल्या आम्ल मातीत हळूहळू विरघळतं आणि सुपरपेक्षा बहुधा स्वस्तही पडतं. कराडच्या पाहुण्यांना मात्र ते सुचवू नका.

सामू ५.५ च्या खाली असेल तर चुना द्यावा लागेल, पण मात्रा अहवाल पाहूनच. नमुना भात कापल्यावर, खत टाकण्याआधी घ्या.