आयर्लंडच्या शेतावरून अमेरिकेतील भावंडांना जाणारी पत्रे इतकी कोरडी का वाटतात?

आपला प्रश्न असा आहे की, आयर्लंडच्या खेड्यांतून अमेरिकेत गेलेल्या भावाबहिणींना घरून जी पत्रे जात, त्यांत पाऊस, गुरांचे भाव आणि गावातील मयते यांवाचून काहीच का नसते, आणि लिहिणाऱ्याच्या मनात माया नव्हती असे त्यावरून समजावे काय. माया होती आणि ती त्या गुरांच्या भावांतच होती, असे माझे उत्तर आहे. ते मी एका घरच्या पत्रांच्या आधारे देते, कारण तेवढीच पत्रे मी ओळीन् ओळ वाचलेली आहेत.

मी गेली अकरा वर्षे नोकरीनिमित्त आयर्लंडमधील गॉलवे शहरात राहते. माझ्या एका सहकाऱ्याचे शेत ट्यूम या गावाजवळ आहे. त्याच्या आजोबांनी बॉस्टनला असलेल्या आपल्या बहिणीला १९२९ पासून पुढे तीस-बत्तीस वर्षे लिहिलेली पत्रे, ती बहीण वारल्यानंतर तिच्या मुलीने या घरी परत पाठवली. त्यांतील अक्षर लावून ती टंकलिखित करण्याच्या कामात मी दोन हिवाळे मदत केली. अशी पत्रे हाती लागणे हे मोठे भाग्य होय. अमेरिकेहून आलेले पत्र आयर्लंडमधील घरात जपून ठेवले जाई, शेजाऱ्यांना वाचून दाखवले जाई. उलट घरून गेलेले पत्र जिच्या हाती पडे, ती मुलगी बहुधा दुसऱ्याच्या घरी मोलकरीण असे, तिचे बिऱ्हाड एका ट्रंकेत मावे आणि नोकरी बदलली की त्या ट्रंकेतून कागदच आधी कमी होत. इतिहासकार डेव्हिड फिट्झपॅट्रिक यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संग्रहात ऑस्ट्रेलियाला गेलेल्यांची पत्रे आहेत, तशी त्यांना घरून गेलेलीही आहेत, म्हणून मला तो संग्रह फार मोलाचा वाटतो.

ही पत्रे समजण्यासाठी आधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. १८४५ पासून बटाट्यावर पडलेल्या रोगाने जो दुष्काळ आला, त्याने आयर्लंडची लोकसंख्या १८४१ च्या सुमारे ८२ लाखांवरून १८५१ मध्ये सुमारे ६५ लाखांवर आणली. दुष्काळापूर्वी बाप आपल्या जमिनीचे तुकडे मुलांना वाटून देत असे आणि एका तुकड्यावरील बटाट्यांत एक कुटुंब कसेबसे जगत असे. त्या वाटणीचा शेवट काय झाला हे पाहिलेल्या पिढीने पुढे जमीन फोडायचीच नाही असे ठरवले. शेत एका मुलाला मिळे. त्याची बायको जो हुंडा घेऊन येई, त्याला तिकडे ‘फॉर्च्यून’ म्हणत, आणि बहुतेक वेळा त्याच पैशात त्याच्या एका बहिणीचे लग्न होई. बाकीच्या भावंडांना आगबोटीचे तिकीट मिळे, तेही पुष्कळदा आधी गेलेल्या थोरल्या बहिणीने पाठवलेल्या पैशांतून. म्हणजे शेतावर राहून पत्र लिहिणारा आणि बॉस्टनला ते वाचणारी यांच्यामध्ये हे न बोललेले सत्य कायम असे की, ती गेली म्हणून त्याला शेत अखंड मिळाले.

हे एकदा कळले की गुरांचे भाव निराळे वाचता येतात. आजोबांच्या पत्रांत प्रत्येक गाय कधी व्याली, कालवड झाली की गोऱ्हा, कोणती फळली नाही, जत्रेत बैल किती पौंडांना गेला, हे सगळे असते. १९३२ ते १९३८ या काळात ब्रिटनशी व्यापारयुद्ध चालू असताना गुरांचे भाव इतके कोसळले की सरकार वासरांच्या कातड्यासाठी बक्षीस देऊ लागले. त्या वर्षांतील एका पत्रात त्यांनी जत्रेहून गुरे न विकता तशीच परत आणल्याचे लिहिले आहे आणि कोणत्या गाईचे कोणते वासरू मारावे लागले तेही लिहिले आहे. ज्या गाईचा उल्लेख आहे, तिच्या आईची धार बहिणीने स्वतः काढली होती. त्या ओळीत दुःखाचा एकही शब्द नाही, पण वाचणाऱ्या बाईला तो लागत नव्हता.

१९४७ च्या फेब्रुवारीअखेर आलेल्या हिमवादळाचे पत्र सर्वांत लांब आहे. १९४६ चा सुगीचा हंगाम पावसाने आधीच नासला होता, म्हणून वैरण अपुरी होती. त्यावर बर्फ पडले आणि ते मार्चच्या मध्यापर्यंत हटले नाही. मेंढ्या कुठल्या कुंपणाच्या आडोशाला गाडल्या गेल्या, काठीने बर्फ टोचत किती जिवंत काढल्या, दलदलीतून कापून आणलेल्या सरपणाची, म्हणजे टर्फची, रास किती उरली, हे सर्व त्यांनी शेतांच्या नावांनिशी लिहिले आहे. नकाशावर नसलेली ती नावे त्या घराबाहेर फार तर दोन-चार शेजाऱ्यांना ठाऊक असतील. आपण अशी पत्रे अनुवादात वाचली असतील आणि त्यात ही नावे गाळली गेली असतील, तर पत्र कोरडे वाटले यात नवल नाही, कारण बहीण पुन्हा त्या बांधावर उभी राहत असे ती या नावांमुळेच.

ट्यूमला १९३४ मध्ये साखर कारखाना सुरू झाला आणि पत्रांत बीट, म्हणजे तिकडे ज्याची साखर करत तो कंद, आला. गुडघ्यांना पोती बांधून ओळीने रोपे विरळणे, शेजाऱ्यांनी आळीपाळीने एकमेकांच्या शेतात राबणे, आणि मग कारखान्याच्या चेकची वाट पाहणे. त्या सामुदायिक श्रमाला आयरिश भाषेत ‘मेहल’ म्हणतात. आपली इर्जिक तीच. मी सातारा जिल्ह्यातील उसाच्या गावची असल्यामुळे कारखान्याच्या बिलावर घरातील कोणकोणते खर्च अडून असतात हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही.

नाताळला बहिणीकडून डॉलर येत. जानेवारीच्या पत्रात आभार एका ओळीत उरकलेले असतात आणि त्यापुढे पैसे कुठे गेले याचा हिशोब असतो: दुकानदाराची उधारी, स्थानिक कर, मुलांचे बूट, आईसाठी चष्मा. अनोळखी वाचकाला हा हिशोब रुक्ष वाटेल. मला मात्र तो, पैसे पाठवणारीला घरातील माणूस मानण्याचा, त्या माणसाला जमणारा सर्वांत प्रामाणिक मार्ग वाटतो. पाहुण्याचे आपण आभार मानतो, हिशोब घरच्यालाच देतो.

मयतांच्या यादीविषयीही असेच म्हणता येईल. आयर्लंडमध्ये माणसाला दोन-तीन दिवसांत मूठमाती देतात, आणि बोटीने समुद्र ओलांडायला त्याहून जास्त दिवस लागत. म्हणून आईच्या दफनाला येणे बहिणीला शक्यच नव्हते. त्या पत्रात कोण कोण आले, शवपेटी कोणी खांद्यावर घेतली, कोणत्या रस्त्याने नेली, पाऊस कधी थांबला, हे भावाने क्रमाने लिहिले आहे. आपल्याला काय वाटले हे लिहिलेले नाही. प्रत्येक पत्राची सुरुवात, देवकृपेने आम्ही सर्व बरे आहोत आणि तूही तशीच असशील अशी आशा आहे, या ठरलेल्या वाक्याने होते, ते आपल्या ‘इकडील सर्व क्षेम, तिकडील क्षेम कळवावे’ याचे सख्खे भावंड आहे. आईच्या मृत्यूच्या पत्रात तेवढे एक वाक्य नाही. तीन दशकांत ते फक्त त्या एका पत्रात गाळलेले आहे, आणि हे मला सगळी पत्रे ओळीने लावल्यावरच दिसले.

आता १९६१ च्या उन्हाळ्यातील पत्राकडे येते. वडील १९५२ मध्ये मृत्युपत्र न करता वारले होते आणि शेत त्यांच्याच नावावर राहिले होते. अशा वेळी परदेशी गेलेल्या मुलांचाही कायद्याने वाटा असे, म्हणून जमीन एकाच्या नावावर करून घ्यायची तर बाकीच्यांच्या सह्या लागत. आपल्याकडे बहिणींकडून हक्कसोडपत्र करून घेतात, तसेच. भावाला कर्जासाठी जमीन आपल्या नावावर हवी होती. पत्र चार पानांचे आहे. पहिली साडेतीन पाने गवताची कापणी, घोडा विकून घेतलेला जुना फर्ग्युसन ट्रॅक्टर आणि घरी आलेली वीज यांनी भरली आहेत. शेवटच्या अर्ध्या पानात, वकिलाने एक कागद दिला आहे, तो सोबत जोडला आहे, तुला योग्य वाटले तर सही कर, नाही केलीस तरी या घरी तुझी खोली आहे, इतकेच आहे.

मी स्वतः अशा कागदावर भावासाठी सही केलेली बहीण आहे. मला तो कागद तहसील कचेरीसमोरच्या टपरीवर दाखवला गेला, आणि त्या आधी आमच्या विहिरीला पाणी किती आहे हे मला वर्षभर कोणी कळवले नव्हते. म्हणून त्या साडेतीन पानांवर मी फार वेळ थांबले. त्यांना अवघड विषय टाळण्याची धडपड म्हणता येईल, आणि तीही त्यांत असेल; पण जिच्याकडून हक्क मागायचा आहे तिला, ती काय सोडते आहे हे गवताच्या गंजीपर्यंत आधी दाखवावे, ही त्या माणसाची रीत होती असे मी मानते.

बहिणीचे उत्तर या घरात सापडलेले नाही. १६ सप्टेंबर १९६१ रोजी डेबी नावाचे चक्रीवादळ आयर्लंडच्या पश्चिम भागावरून गेले, आणि त्यानंतर आठवड्याने लिहिलेल्या भावाच्या पत्रात कागद पोहोचल्याची एक ओळ आहे. त्यापुढे लिहिले आहे की, फाटकाजवळचे ॲशचे झाड पडले, छपराला काही झाले नाही, आणि तुझ्या खोलीची खिडकी आता नवी बसवली आहे.