मुलगी मॅथ्समध्ये चांगली आहे, मग ह्युमॅनिटीजला कशाला घालायची?

मी राहते मेरिलंडमध्ये, माँटगोमेरी काउंटीत. इथे पाचवीतल्या मुलांच्या घरी मिडल स्कूल मॅग्नेटची (म्हणजे ठराविक विषय जास्त खोलात शिकवणाऱ्या सरकारी शाळांतल्या खास प्रोग्रॅमची) पत्रं पोचली की आपल्या मराठी घरांतून मला सल्ल्यासाठी फोन सुरू होतात. सायन्स-मॅथ्सवाल्या मॅग्नेटचं पत्र आलं तर कोणी फोन करत नाही, पेढे वाटतात. फोन येतो तो ह्युमॅनिटीजचं आलं की.

ईराचे आईबाबा (नाव बदललंय, तपशीलही थोडे इकडचे तिकडे केलेत) असेच आले. लॉटरीत नंबर लागला होता जर्मनटाऊनच्या मार्टिन ल्यूथर किंग ज्युनिअर मिडल स्कूलच्या ह्युमॅनिटीज प्रोग्रॅमला. हो-नाही कळवायला थोडेच दिवस. बाबा म्हणाले, "ताई, तिला मॅथ्स छान जमतं हो, आणि वाचायचा तर कंटाळाच, कॉमिक्स सोडून काही हातात धरत नाही, मग उगाच आर्ट्सला कशाला?"

हा "आर्ट्स" शब्द आला ना की मला कळतं की आपण अजून दहावीच्या निकालानंतरच्या त्या ॲडमिशनच्या रांगेतच उभे आहोत. म्हणून आधी तेवढं सांगून टाकलं की ही साईड निवडणं नाहीये, सहावी ते आठवी असा तीन वर्षांचा प्रोग्रॅम आहे, मॅथ्स तिच्या लेव्हलचंच चालू राहणार, बदलतं ते इंग्लिश, सोशल स्टडीज, मीडिया यांचं काम, आणि आठवीनंतर ती परत सायन्सच्या प्रोग्रॅमला अर्ज करू शकते. बाबांचा चेहरा जरा सैल झाला.

पण खरा प्रश्न पुढेच होता. "वाचतं म्हणजे सूट होईल" हे बहुतेक आईबाबांचं गणित असतं आणि माझ्या अनुभवात ते बऱ्याचदा चुकतं. माझ्याकडे एक मुलगा आला होता, जाडजाड कादंबऱ्या दोन दिवसांत संपवायचा, पण लिहिलेलं परत लिही म्हणलं की रडारड, पेन फेकणं. त्याला वाचायला आवडायचं, खोदायला नाही. तो गेला घराजवळच्या शाळेत आणि मजेत आहे, वाचन जोरात चालू.

ह्युमॅनिटीजचं काम म्हणजे काय हे समजायला मी नेहमी नॅशनल हिस्टरी डेचं, म्हणजे शाळेतल्या मुलांच्या इतिहास-संशोधनाच्या स्पर्धेचं, उदाहरण देते, त्याची फायनल दर जूनमध्ये इथेच कॉलेज पार्कला होते. मूल एक विषय घेऊन महिनोन्महिने त्याच्यामागे असतं, डॉक्युमेंटरी केली तर ती जास्तीत जास्त १० मिनिटांची, शिवाय वापरलेल्या प्रत्येक सोर्सचा कसा उपयोग झाला ते लिहायचं, आणि आपण काम कसं केलं ते ५०० शब्दांत सांगायचं. दहा मिनिटांसाठी एवढा खटाटोप! ज्याला यात मजा वाटते त्याचं काम.

मग ईराला अशा कामात मजा वाटते का ते बघायला दोन आठवड्यांचा उद्योग ठरवला. तिलाच आवडेल तो प्रश्न, दोन माणसांना विचारायचं, एक पान लिहायचं, मी शेरे मारणार, परत लिहायचं. आईबाबांनी मध्ये पडायचं नाही (ही अट सगळ्यात अवघड गेली, आईने दुसऱ्याच दिवशी "नुसतं स्पेलिंग बघू का" म्हणून मेसेज केला).

तिची आजी पुण्याची, नारायण पेठेतली, लहानपणी पानशेतचा पूर पाहिलेली. ईराने तिला व्हिडिओ कॉलवर धरलं. आजी म्हणाली अंधार होता, आम्ही अंधारात पळालो. आणि बाकी जिथे बघावं तिथे लिहिलेलं की १२ जुलै १९६१ ला धरण सकाळी फुटलं, पुण्यात पाणी शिरलं ते दिवसाढवळ्या. बाबा म्हणाले आजी विसरली असेल, सोड. पोरगी सोडेना. तीनदा फोन केला, आजीला विचार विचार विचारलं, तेव्हा कळलं की लाईट गेलेले आणि ती पहिली रात्र सगळ्यांनी कोणा नातेवाइकांच्या माळ्यावर काळोखात काढली होती. ईराने स्वतःहून पान फाडून नवीन लिहिलं. त्यात एक वाक्य होतं, "आजी खोटं नाही बोलत, तिला रात्रच आठवते."

मला अजून काही तपासायचं राहिलं नव्हतं.

राहिली ती लांबच्या शाळेची बस. याच्याबद्दल मी जरा कडक आहे. या वयात निदान नऊ तास झोप लागतेच, त्यामुळे मी आईला कागदावर वेळा लिहायला लावल्या: बस स्टॉपवर कधी, घरी कधी, डान्स क्लास कधी. वेळेचं गणित काही जमेना. डान्सचे दोन दिवस होते त्यातला एक सोडला, आणि तो कुठला ते ईराने ठरवलं. पाचवीतल्या मैत्रिणी दुसऱ्या शाळेत जाणार म्हणून ती एक संध्याकाळ पोटभर रडली, त्यावर माझ्याकडे काही उपाय नव्हता, रडू दिलं.

आता ती त्याच प्रोग्रॅममध्ये सहावीत आहे. पहिले दोन महिने निबंधावरचे शेरे बघून "मला लिहिताच येत नाही" चालू होतं, आईने परत फोन केला, आम्ही अजून दोनदा भेटलो. बाबांनी शनिवारचा मॅथ्स क्लास काही बंद केलेला नाही. मात्र मागच्या वेळी आले तेव्हा सांगत होते की हल्ली तेच आजीला फोन करून पुराचं विचारतात, आणि आजी म्हणते, आधी नातीने विचारलं म्हणून तुला सुचलं का रे.