जुन्या कारखान्यात फ्लॅट, पण पैसे कोणाचे?

प्रश्न: माझी भाची लग्नानंतर अमेरिकेत आयोवामधल्या डब्यूकला गेलीय, मिसिसिपीच्या काठचं गाव. तिचा फ्लॅट म्हणे जुन्या कारखान्यात आहे, विटांच्या भिंती आणि लाकडी खांब तसेच ठेवलेत. आमच्याकडे वाड्याची डागडुजी म्हटली तरी घाम फुटतो, तिथे परवडतं कसं? सरकार पैसे देतं का? – एक वाचक, पुणे

उत्तर: हातात पैसे ठेवत नाही, टॅक्स सोडतं. बिल्डिंग हेरिटेजच्या राष्ट्रीय यादीत असेल आणि तिच्यातून उत्पन्न येणार असेल, म्हणजे दुकान, ऑफिस, भाड्याचे फ्लॅट वगैरे, तर दुरुस्तीच्या मान्य खर्चाचे 20 टक्के मालकाच्या केंद्रीय टॅक्समधून वजा होतात, हल्ली 5 वर्षांत विभागून, शिवाय आयोवा राज्याची सवलत वेगळी. स्वतः राहायच्या घराला केंद्राचं हे मिळत नाही हं. आणि मनमानी चालत नाही, नॅशनल पार्क सर्व्हिसवाले (राष्ट्रीय उद्यानं आणि ऐतिहासिक जागा सांभाळणारं केंद्राचं खातं) काम तपासतात, मूळ खिडक्या काढून भलत्याच बसवल्या तर सवलतीवर पाणी.

भाची बहुतेक मिलवर्क डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे लाकूडकामाच्या जुन्या कारखान्यांच्या भागात राहत असणार. उत्तरेकडून नदीतून ओंडके यायचे आणि इथे त्यांची दारं-खिडक्या बनायची, देशभर जायची. पुढे धंदा बसला, 1982 च्या जानेवारीत तर गावात बेकारी 23 टक्क्यांवर गेली होती. हे डब्यूकचे लोक जन्मजात हेरिटेजप्रेमी वगैरे नाहीत बरं का, अर्बन रिन्यूअलच्या, म्हणजे जुनं पाडून शहर नव्यानं उभारण्याच्या नावाखाली डाउनटाउनमधल्या कितीतरी इमारती त्यांनी आधी पाडल्याच, हे कारखाने वाचले ते माझ्या मते पाडून नवं बांधायला कोणी पुढे आलं नाही म्हणून.

2009 मध्ये आयबीएमनं तिथल्या जुन्या रोशेक डिपार्टमेंट स्टोअरच्या बिल्डिंगमध्ये 1,300 नोकऱ्या आणायचं जाहीर केलं आणि गाव खूश झालं, पण पुढे काही वर्षांनी कंपनीनं गाशा गुंडाळला. नूतनीकरण झालेली बिल्डिंग मात्र जागेवर राहिली. भाडेकरू जातो, बिल्डिंग राहते, म्हणून एकाच बड्या भाडेकरूच्या जिवावर हिशोब मांडू नये, वाड्यालाही तेच लागू.

भाचीला फोर्थ स्ट्रीटच्या टेकडीवरची, केबलनं ओढली जाणारी छोटी रेल्वे बघायला सांगा. 1882 मध्ये ग्रेव्ह्ज नावाच्या बँकरनं ती बांधली, कारण काय तर दुपारी घरी जाऊन जेवून डुलकी काढायची होती आणि टेकडीला वळसा घालून जाण्यातच सुट्टी संपायची! एक डबा वर जातो तेव्हा दुसरा खाली येतो, दोनदा आग लागूनही अजून चालू आहे, फक्त हिवाळ्यात बंद असते, एप्रिलपासून पुढे जा म्हणावं.