मेंब्रेन पातळ केलं की झालं?

प्रश्न: नॅनोफिल्ट्रेशनचं (म्हणजे अतिसूक्ष्म भोकांतून पाणी गाळण्याचं) मेंब्रेन, म्हणजे गाळणारा पडदा, अजून पातळ केलं तर पाणी भराभर जाईल ना, मग अडतंय कुठे?

उत्तर: पाणी जाईल हो, पण सोबत क्षारही निसटतील, खरी गोची तिथेच आहे. या मेंब्रेनची भोकं साधारण १ नॅनोमीटरची, कॅल्शियम-मॅग्नेशियम बऱ्यापैकी अडतं, साधं मीठ मात्र बरंचसं पार होतं. वरचा पॉलिअमाइडचा (नायलॉनच्या जातीचं प्लास्टिक) थर बनतो कसा, तर पिपराझिन नावाचं रसायन पाण्यात, दुसरं रसायन तेलासारख्या द्रावणात, आणि दोघं जिथे भेटतात तिथे क्षणात साय धरते (दुधावर धरते तशीच, फक्त कितीतरी पट पातळ).

२०१८ मध्ये चीनमधल्या संशोधकांनी भारी आयडिया केली, पाण्यात पीव्हीए (पाण्यात विरघळणारं एक पॉलिमर) घालून पिपराझिनचा पसरण्याचा वेग कमी केला, तर साय सपाट न होता तिच्यावर फुगवटे आणि नळ्या उठल्या, गणितज्ञ ॲलन ट्युरिंगने १९५२ मध्ये गणिताने मांडलेल्या नक्षीसारख्या! पृष्ठभाग वाढला, पाणी जास्त जायला लागलं आणि क्षारही अडले. मला तर हे निव्वळ पातळ करत बसण्यापेक्षा जास्त पटतं.

बाकी मेंब्रेनवर जिवाणूंचा शेवाळासारखा थर बसतो तो वेगळाच ताप, आणि तो घालवायला क्लोरीन मारावं तर पॉलिअमाइडच खराब होतं.